धुऱ्यावरचा मुक्काम



निवृत्तीनंतर तीर्थयात्रा करावी, ही आपल्या समाजातील जुनी रीत आहे. बस ठरते, आचारी बरोबर घेतला जातो, धर्मशाळेच्या खोल्यांवरून थोडी रुसवाफुगवी होते आणि पंधरा दिवसांत आठ-दहा क्षेत्रे ‘करून’ मंडळी परत येतात. अशा यात्रा आम्ही उभयतांनीही केल्या. परंतु त्या यात्रांत मंदिर दिसते. मंदिराभोवतीचा डोंगर, झरा, रान दिसत नाही, ही रुखरुख मनात राहिली होती. आपले मुनी त्या क्षेत्री गेले, ते धर्मशाळेच्या सोयीसाठी खचितच गेले नसतील. त्यांना ते रानच हवे असले पाहिजे.

म्हणून बँकेतील नोकरी संपल्यावर दोन वर्षांनी आम्ही एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. तिच्यातील आसने काढून झोपण्यापुरती दोन बाके, एक लहान ओटा, ऐंशी लिटरची पाण्याची टाकी आणि छपरावर सौरपट्टी बसवून घेतली व या बदलाची आर.टी.ओ.त रीतसर नोंद केली. परदेशात अशा गाड्यांना आर.व्ही. म्हणतात, आपल्याकडे कॅराव्हॅन. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे. इतवारीतील आमच्या आप्तांना धोरणात रस नव्हता. “अ‍ॅव्हरेज किती देते?” एवढेच त्यांनी विचारले. पेढीवर वाढलेल्या माणसाचा तो पहिला प्रश्न असणारच. “नऊ ते दहा,” हे उत्तर ऐकून सर्वांनी सहानुभूतीने मान हलवली.

गाडीला ‘विहार’ असे नाव द्यावे, असे मला वाटत होते. सौ.ने ते साफ नाकारले. विहार पायी होतो, डिझेलवर होत नाही, असे तिचे म्हणणे. आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. नातवंडे तिला ‘घरगाडी’ म्हणू लागली, तेच नाव रूढ झाले. प्रत्येक प्रवासास निघण्यापूर्वी सौ. दिग्व्रताची मर्यादा घेते : उत्तरेस नर्मदा, दक्षिणेस गोदावरी, त्यापलीकडे जाणे नाही. व्यापारात लोभाला आळा बसावा म्हणून श्रावकाला सांगितलेले हे गुणव्रत डिझेलच्या खर्चालाही चांगला आळा घालते, हे मी हिशोबाच्या वहीवरून सांगू शकतो. आणि त्या मर्यादेत काय नाही? रामटेक आहे, मुक्तागिरी आहे, अंतरिक्ष पार्श्वनाथांचे शिरपूर आहे, कारंजा आहे, भद्रावती आहे.

चातुर्मासात गाडी अंगणात उभी राहते. गमतीची गोष्ट अशी, की आपल्याकडील व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनही १ जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत बंद असते. कच्चे रस्ते चिखलात जातात आणि वन्यप्राण्यांनाही माणसांपासून काही काळ विसावा मिळतो. वनखात्याने आपले शास्त्र वाचून हा नियम केला नसेल. पण पावसाळ्यात जमीन जीवांनी भरून गेलेली असते, तेव्हा माणसाने हिंडू नये, या निर्णयावर दोघेही आपापल्या वाटेने येऊन पोहोचले आहेत.

पहिला मुक्काम अर्थातच रामटेकचा. नागपूरपासून पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. तेथील शांतिनाथांच्या अतिशय क्षेत्राचे वर्णन या मासिकाच्या वाचकांसाठी मी काय करणार? आचार्य विद्यासागर महाराजांचा २०१७ चा चातुर्मास तेथेच झाला, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण चौका लावण्यासाठी तेथे राहून आले आहेत. मला सांगायचे आहे ते वेगळेच. शांतिनाथांचे लांछन हरिण. मूर्तीच्या पादपीठावरील ते हरिण लहानपणापासून पाहत आलो. परंतु त्याच हरणाचे जिवंत भाऊबंद तेथून फार दूर नाहीत, पेंचच्या रानात चरत आहेत, हे मनात कधी जुळले नव्हते. चोवीस तीर्थंकरांच्या लांछनांची यादी पाहावी. वृषभ, हत्ती, घोडा, वानर, मगर, गेंडा, रेडा, डुक्कर, हरिण, बोकड, कासव, सर्प, सिंह. आपण त्यांना नमस्कार करतो तो दगडात कोरलेले असताना. तेराव्या विमलनाथांचे लांछन डुक्कर आहे, हे पाठशाळेतील मुलगाही सांगेल. परंतु त्या डुकराशी माझी भेट व्हायची होती, ती पुढे पेंचला.

व्याघ्रप्रकल्पाच्या आत रात्री खासगी गाडी उभी करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही मुक्काम करतो तो बाहेरच्या बफर क्षेत्रातील गावांत, कोणाच्या तरी शेतात, मालकाची परवानगी घेऊन आणि योग्य ते भाडे देऊन. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग पेंचच्या रानातून जातो. महाराष्ट्राच्या हद्दीत तेथे वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ मार्ग ठेवलेले आहेत. त्यांतील सर्वांत लांब मार्ग साडेसातशे मीटरचा आहे. वरून मालमोटारी धावतात आणि खालून वाघ, चितळ, रानकुत्रे ये-जा करतात. कॅमेऱ्यांनी त्यांची छायाचित्रेही टिपली आहेत. त्या पुलावरून जाताना सौ. नेहमी गाडी हळू चालवायला सांगते. वास्तविक खालच्यांना त्याचा काही उपयोग नाही. पण मी हळू चालवतो.

आमच्या मुक्कामाचे काही नियम आहेत. ते आम्ही रानासाठी केलेले नाहीत, घरचेच आहेत. सूर्यास्तापूर्वी भोजन, त्यानंतर ओट्यावर अन्नाचा कण राहत नाही. कांदा-लसूण नसल्यामुळे फोडणीचा दरवळही फारसा नाही. शेकोटी पेटवायची नाही, कारण लाकडाच्या पोकळीत किती जीव बसलेले असतात ते दिसत नाही, आणि केवळ हौसेसाठी केलेली ती हिंसा म्हणजे अनर्थदंडच. दिव्यावर पतंग झेपावतात, म्हणून दिवाही नाही. मित्रमंडळी विचारत, अशा मुक्कामात मौज ती काय? शेकोटी नाही, भजी नाहीत, गाणी नाहीत. आम्हालाही प्रथम वाटले होते, की हे म्हणजे अंधारात बसून राहणे आहे. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या मुक्कामातच उलगडा होऊ लागला. जेथे उजेड नाही, वास नाही, आवाज नाही, तेथे माणूस आहे हे रान थोड्या वेळाने विसरते. ससा गाडीच्या चाकापाशी येऊन बसतो. साळिंदर आपले काटे खुळखुळवीत खिडकीखालून जाते. रातवा पक्षी वाटेच्या धुळीत बसून राहतो. उजेडाच्या बाबतीत तर पेंचने आता आमचीच रीत उचलली आहे : २०२४ च्या जानेवारीत पेंचला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली आणि त्यासाठी वाघोडा, सिल्लारी अशा गावांतील रस्त्यांवरचे दिवे उजेड फक्त खाली पडेल असे बदलण्यात आले. आकाशातील तारे दिसावेत, हा त्यामागील हेतू. पतंगांचे प्राण वाचले, ते वरकड उत्पन्नात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गेल्या पौषातील शुद्ध अष्टमी होती. सौ.चे त्या दिवशी एकाशन होते. पेंचच्या बफरमधील एका गावात, गावाचे नाव देत नाही, एका तरुण शेतकऱ्याच्या वावरात आम्ही गाडी लावली. एका बाजूला दोन एकर हरभरा, दुसऱ्या बाजूला तूर, मधून बैलगाडीची पांदण आणि टोकाला विहीर. पाणी भरायला म्हणून सौ. विहिरीवर गेली. नागपुरात नळाचे पाणी गाळून घेतो. पण गाळण्यात राहिलेली जिवाणी परत मूळ पाण्यात पोहोचवणे शहरात शक्य होत नाही. येथे कितीतरी वर्षांनी खरी विहीर मिळाली. तिने दुहेरी छन्ना लावून पाणी गाळले, मग कापड उलटे करून त्यावर गाळलेले पाणी ओतले आणि ती जिवाणी लहान बादलीत घेऊन, दोर अगदी पाण्यापर्यंत सोडून, हलकेच विहिरीत उतरवली. वरून ओतली तर आपटून जीव मरतात, असे तिला तिच्या आजीने शिकवलेले.

शेतमालक शेजारी उभा राहून हे सारे पाहत होता. त्याने विचारले, “काकू, हे कायले वापस सोडून राह्यल्या?”

सौ.ने समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “बरं हाये. तुमी डोयाले न दिसणारे जीव वाचवता. माह्या हरभऱ्यावर रोज रात्री पंधरा-वीस डुकरं येतेत. मी त्याईले मारत नाही. तारेत करंट सोडत नाही. पण पेरणीपासून मी घरात निजलो नाही, रोज मचाणावर जागल करतो. काकाजी, तुमी ब्यांकेत होते ना? मंग सांगा, हे पुण्य कोणाच्या खात्यात जमा होते?”

त्याच्या स्वरात उपरोध नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी म्हणालो, “तुमच्याच.” तो हसला आणि म्हणाला, “तं मंग पासबुक भरून द्या एकडाव.”

नोकरीची बरीच वर्षे मी ग्रामीण शाखांत काढली. पीककर्जाच्या पाहणी अहवालात नुकसानीची कारणे लिहिण्याची जागा असे. अवर्षण, अतिवृष्टी, कीड, गारपीट. रानडुकरांसाठी रकाना नव्हता. ‘इतर’ या सदरात ती बसत. बफरमधील शेतकऱ्याचे अर्धे आयुष्य या ‘इतर’मध्ये जाते, हे त्या संध्याकाळी त्याच्याशी बोलताना स्पष्ट झाले. मागील वर्षी त्याची गाय वाघाने नेली. पंचनामा झाला, भरपाईही मिळाली. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर कुटुंबाला पंचवीस लाख रुपये मिळतात, हेही त्याला ठाऊक होते. “पण जागलीचे पैसे कोनी देत नाही,” तो म्हणाला. काही ठिकाणी लोक विजेच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात थेट प्रवाह सोडतात. त्यात डुक्कर मरते, कधी वाघ मरतो, कधी पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही मरतो. कायद्याने तो गुन्हा आहेच. तो हे करीत नव्हता, आणि केवळ कायद्याच्या भयाने करीत नव्हता असेही मला वाटले नाही. “मी माळकरी हाये,” एवढेच तो म्हणाला.

सूर्य मावळला. तो घरून भाकरी खाऊन, घोंगडे, टॉर्च आणि टिनाचा डबा घेऊन मचाणावर गेला. मचाण आमच्यापासून दोनशे पावलांवर, चार बल्ल्यांवर बांधलेले, तीन बाजूंनी उघडे. आम्ही गाडीची दारे लावून, काचा बोटभर उघड्या ठेवून अंधारात बसलो. थंडी मरणाची होती. अष्टमीचा अर्धा चंद्र पश्चिमेकडे कलू लागला होता.

साडेनऊच्या सुमारास हरभऱ्यात खसखस सुरू झाली. मग दातांचा कुडुकुडु आवाज, फुरफुर, पिल्लांची कुईकुई. डोळे सरावल्यावर आकृत्या दिसू लागल्या : पुढे एक थोराड मादी, मागे लहानमोठी बारा-चौदा. ती खातात त्यापेक्षा तुडवतात जास्त. विमलनाथांचे लांछन आमच्या यजमानाचे वर्षाचे उत्पन्न शांतपणे उपटून काढीत होते. सौ.ने माझ्या कानात विचारले, “यांना हाकलले तर अंतराय कर्म लागते का हो?” मी म्हणालो, “न हाकलले तर त्याच्या मुलांच्या तोंडचा घास जातो, तो अंतराय नाही का?” तिने उत्तर दिले नाही. इतक्यात मचाणावरून डबा वाजला, आरोळी आली, टॉर्चचा झोत फिरला. कळप तुरीत शिरला, दहा मिनिटे थांबला आणि परत आला. पुन्हा डबा. पुन्हा तूर. असे चार वेळा झाले. पाहणाऱ्याला ही मौज वाटेल. पेरणीपासून करणाऱ्याला काय वाटत असेल?

साडेदहा वाजले असतील. नाल्याच्या बाजूने चितळाची तीक्ष्ण शीळ आली. पुन्हा एक. मग माकडाची खाकर. हरभऱ्यातील सगळी हालचाल एकदम थांबली. थोराड मादीने एक हुंकार दिला आणि तो सारा कळप पाण्याच्या लोंढ्यासारखा दुसऱ्या दिशेला वाहून गेला. त्यानंतरची शांतता मी आयुष्यात दुसरीकडे कोठे अनुभवलेली नाही. रातकिडेसुद्धा थांबले आहेत, असे वाटले.

पांदणीतून तो आला. घाई नाही, चाहूल नाही. गाडीपासून पंधरा-वीस फुटांवरून, मान किंचित खाली घालून, आपल्याच विचारात असल्यासारखा चालत गेला. चंद्रप्रकाशात पट्टे दिसले नाहीत. दिसले ते खांदे, एक वर आणि एक खाली होत जाणारे. सौ.चे ओठ हलत होते. णमोकार चालू होता हे मला कळले; पण आवाज मुळीच नव्हता. गाडीसमोर येताच तो थांबला, आमच्याकडे तोंड वळवून क्षणभर उभा राहिला, आणि मग पांदण सोडून हरभऱ्याच्या धुऱ्यावर चढला. धुरा सरळ मचाणाकडे जात होता.

आम्ही लोखंडी पत्र्याच्या आत होतो. तो मुलगा चार बल्ल्यांवर होता. सौ.ने माझा दंड घट्ट धरला आणि एकच शब्द उच्चारला, “फोन.” फोनची घंटी वाजली तर वाघ बिथरेल की निघून जाईल, हे मला ठाऊक नव्हते. पण तो झोपलेला असेल, आणि झोपेत पाय खाली लोंबत असेल, तर? मी फोन लावला. दोनच वेळा वाजला. पलीकडून अगदी हलका आवाज आला : “पाह्यला. निजा तुमी.”

आम्ही निजलो नाही, हे सांगायला नकोच. पहाटेपर्यंत ओळीने बसून होतो. सौ.ने मध्येच म्हटले, “त्याची आई रोज रात्री कशी झोपत असेल?” दोन मुले वाढवलेल्या बाईला सुचलेला तो प्रश्न होता, मला तोवर सुचला नव्हता.

सकाळी पांदणीत ठसे मिळाले. आमच्या टायरच्या खुणेवर एक ठसा इतका नीट उमटला होता, की कोणी शिक्का मारावा. वनरक्षक मोटारसायकलवरून आले. ठसा जवळजवळ चौकोनात बसतो म्हणून नर, लांबट असता तर मादी, असे त्यांनी दाखवले. आमच्या यजमानाला त्याचे काही अप्रूप नव्हते. चहा पिता पिता तो म्हणाला, “वाघ आला का डुकरं दोन दिवस येत नाहीत. तो माह्या वावराचा चौकीदार हाये. पगार म्हणून गाय घेऊन गेला, एवढंच.” चहा त्याने बिनदुधाचा दिला होता. गाय गेल्यापासून घरी दूध नव्हते.

२०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. आपण नागपूरकर आपल्या शहराला वाघांची राजधानी म्हणवून घेतो. हॉटेले चालतात, गाड्या चालतात. आपल्याच समाजातील कितीतरी जणांचे व्यवसाय त्यावर उभे आहेत, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु त्या वाघांच्या खाली जी डुकरे, चितळ, रोही लागतात, ती ज्याच्या शेतात चरतात त्याच्याकडे आपला हिशोब पोहोचत नाही.

परत आल्यावर त्या रविवारी मेहुण्यांकडे सर्व जमले असता सौ.ने विषय काढला. आमच्या कुटुंबातून दरवर्षी महावीर जयंतीला पांजरपोळासाठी जीवदयेची रक्कम निघते. तिचे म्हणणे असे, की यंदा त्या रकमेतून त्या मुलाला सौर झटका यंत्र घेऊन द्यावे. हे यंत्र बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. तारेत सुमारे सेकंदासेकंदाला अगदी क्षणभराचा धक्का येतो. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. शासनाच्या जनवन विकास योजनेतून अशा कुंपणाला अनुदान आहे. पण यादीत नाव लागेपर्यंत हरभरा उभा राहत नाही.

थोरल्या मेहुण्यांनी हरकत घेतली. ती हरकत उथळ नव्हती, म्हणून येथे सविस्तर देतो. ते म्हणाले, जीवदयेचे द्रव्य मुक्या जीवांचे आहे. ते दुसऱ्या खात्यात वळवता येत नाही. शेतकऱ्याला मदत करायची तर अनुकंपादानातून करा. शिवाय या यंत्राने जनावराला धक्का बसतो. ज्या खात्याचे नाव जीवदया, त्यातून जीवाला वेदना देणारी वस्तू कशी घ्यावी? सौ. म्हणाली, पांजरपोळात गाईला दोर बांधतोच ना? आणि हे यंत्र नसेल तर आज ना उद्या कोणीतरी खरा प्रवाह सोडेल; मग जाणारा जीव कोणत्या खात्यात लिहाल? मेहुणे म्हणाले, उद्याच्या हिंसेच्या भीतीने आजची वेदना विकत घेता येत नाही.

त्यावर धाकट्या सूनबाईंनी मेघकुमाराची कथा काढली. ज्ञाताधर्मकथेतील ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पूर्वभवी तो हत्ती होता. वणव्यापासून बचाव व्हावा म्हणून त्याने रानात झाडेझुडपे उपटून एक मोकळे मंडल केले होते. वणवा लागला तेव्हा सारे पशू त्या मंडलात दाटीने उभे राहिले. अंग खाजवण्यासाठी हत्तीने पाय उचलला, तेवढ्यात त्या जागी एक ससा येऊन बसला. आणि त्याच्यासाठी हत्तीने अडीच दिवस पाय वरच धरला. सूनबाई म्हणाल्या, “मामी, सशावर दया सगळेच करतात. पण पाय कोणाचा अवघडला, ते पाहायला नको का? तो मचाणावरचा मुलगा पाय वर धरूनच बसला आहे.” मेहुणे गप्प झाले, पटले म्हणून नव्हे, सूनबाईंशी वाद नको म्हणून, असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. रक्कम नेहमीप्रमाणे पांजरपोळालाच गेली. यंत्र आम्ही माझ्या निवृत्तिवेतनातून घेतले. तारेसह साधारण पंधरा हजार पडले. त्याने ते फुकट घेण्याचे नाकारले. हंगाम निघाल्यावर दोन कट्टे हरभरा द्यायचा, असे ठरले. हा व्यवहार दान की उधारी, याची नोंद माझ्या वहीत अद्याप झालेली नाही.

फाल्गुनात आम्ही मुक्तागिरीला गेलो. क्षेत्र मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात आहे, पण वाट आपल्या परतवाड्यावरूनच जाते आणि भोवताली तोच सातपुडा आहे, ज्याच्या पश्चिमेकडील रानाला आपण मेळघाट म्हणतो. बावन्न मंदिरे, मधून कोसळणारा धबधबा, साडेतीन कोटी मुनींची निर्वाणभूमी. फाल्गुनात धबधब्याला धार नसते. पण कातळ ओलसर असतो. या क्षेत्राचे दुसरे नाव मेंढागिरी. ध्यानस्थ मुनींसमोर डोंगरावरून एक मेंढा कोसळला, मुनींनी त्याच्या कानात णमोकार सांगितला, तो देव झाला आणि त्याने येथे मोत्यांची वृष्टी केली, अशी कथा सांगतात. पायऱ्या चढताना सौ. म्हणाली, “मुनींनी मेंढ्याला काही खाऊ घातले नाही, हे लक्षात घ्या.” तिचा रोख पुढे चाललेल्या यात्रेकरूंवर होता. ते वानरांना फुटाणे व बिस्किटे देत होते आणि त्याला जीवदया समजत होते. खाऊ घातलेले वानर पुढच्या माणसाच्या हातावर झडप घालते, मग त्याला काठी बसते. बिस्किटाचे पुण्य एकाचे आणि काठी दुसऱ्याची. तिने त्या मंडळींना तसे सांगितलेही. त्यांनी ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पायथ्याशी गाडीत असताना समोरच्या उतारावर मोहाखाली काळे काहीतरी हलताना दिसले. अस्वल होते. गळालेली मोहफुले वेचून खात होते, इतक्या निगुतीने, की जणू निवडणटिपण चालले आहे. पाठीवर पिल्लू होते. रानातील माणसे वाघापेक्षा अस्वलाला अधिक भितात. अचानक सामना झाला तर ते मागे फिरत नाही, अंगावर येते. म्हणून वर जाण्याची वेळ आम्ही तासभर पुढे ढकलली. सौ.ने गाडीतच सामायिक केले. अस्वलाचे खाणे आणि तिचे सामायिक, दोन्ही साधारण एकाच वेळी आटोपली.

दर्शन करून खाली उतरत होतो, तोच फोन वाजला. आमचा हरभऱ्याचा मालक होता. हरभरा निघाला, कट्टे भरून ठेवले आहेत, केव्हा नेता, असे विचारत होता. मी यंत्राची चौकशी केली.

“मशीन झक्कास हाये काकाजी. मी महिनाभर घरातच निजलो. बायको म्हणे, घोरता लई.”

“आणि डुकरे?”

“डुकरं आता बाजूच्या वावरात जातेत.” थोडा वेळ तो थांबला. “तो बाजूवाला आता मचाण बांधून राह्यला. तुमचा नंबर मागते. देऊ का?”

सौ. शेजारी उभी राहून ऐकत होती. तिने हात पुढे करून फोन घेतला.